मरणोत्तर स्वर : द. वि. पलुसकरांच्या निमित्ताने

१

कलावंत जातो, पण त्याची कला राहते, असे आपण नेहमी म्हणतो. हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यात एक अडचणीचा प्रश्न दडलेला आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. राहते ती नेमकी कोणती कला? कलावंताने स्वतःच्या हाताने पुरी करून रसिकांपुढे ठेवलेली, की त्याच्या मागे जे जे सापडले ते सारे गोळा करून इतरांनी त्याच्या नावावर प्रसिद्ध केलेली? पहिल्या प्रकारच्या कृतीविषयी समीक्षेला फारशी अडचण पडत नाही. दुसऱ्या प्रकारची कृती पुढे आली म्हणजे मात्र आपली नेहमीची मापे अपुरी पडू लागतात. कलावंत अल्पवयात गेलेला असेल तर ही अडचण दुणावते. कारण तेथे रसिकाच्या मनात शोक हा आस्वादाच्या आधीच येऊन बसलेला असतो.

हा प्रश्न आज अमेरिकेतील तरुण संगीताच्या क्षेत्रात फार ठळकपणे उभा राहिला आहे. रॅप या नावाने ओळखला जाणारा प्रकार आता आपल्याकडेही अपरिचित राहिलेला नाही. ठेक्याच्या आधाराने पद्यरचना गाण्याऐवजी लयीत म्हणत जाणे, हे त्याचे स्थूल स्वरूप. पोवाडा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना शब्दाला ताल चिकटवण्याची ही रीत अगदीच परकी वाटू नये. या प्रकारातील मॅक मिलर हा पिट्सबर्गचा गायक ७ सप्टेंबर २०१८ रोजी वयाच्या सव्विसाव्या वर्षी निधन पावला. महिनाभरापूर्वीच त्याचा एक संग्रह प्रसिद्ध झाला होता आणि त्याचा जोडसंग्रह अर्धामुर्धा तयार होता. त्याच्याबरोबर काम करणारे संगीतकार जॉन ब्रायन यांनी तो पुरा केला व जानेवारी २०२० मध्ये ‘सर्कल्स’ या नावाने तो लोकांपुढे आला. ब्रुकलिनचा पॉप स्मोक १९ फेब्रुवारी २०२० रोजी मारला गेला, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. त्याचा पहिला पूर्ण संग्रह त्याच वर्षी जुलैत निघाला. त्यात त्याच्या आवाजाभोवती इतर अनेक गायकांचे आवाज गुंफलेले होते. पुढच्याच वर्षी आणखी एक संग्रह निघाला.

या दोन उदाहरणांतील फरक लहान नाही. पहिल्यात कलावंताचा आराखडा जाणणारा सहकारी त्या आराखड्याच्या आत राहून काम करतो; दुसऱ्यात उरलेला आवाज हे इतरांच्या रचनेचे द्रव्य होते. तरीही दोहोंना एकच नाव दिले जाते, ‘मरणोत्तर कृती’. एकाच नावाखाली भिन्न जातीच्या वस्तू ठेवल्या की समीक्षा आंधळी होते. म्हणून प्रथम त्या वेगळ्या केल्या पाहिजेत.

माझ्या मते मरणोत्तर कृतीच्या तीन जाती आहेत. कलावंताच्या हातून अपुरी राहिलेली आणि दुसऱ्याने पुरी केलेली, ही पहिली. कलावंताने पुरी केलेली, पण त्याच्या हयातीत ग्रंथरूप न पावलेली, ही दुसरी. तिसरी जात अधिक नाजूक आहे. कृती एकदा घडून गेली, तिच्या श्रोत्यांपुढे ती पूर्णही झाली; पण ती टिकावी, पुन्हा पुन्हा ऐकली जावी असे कलावंताने कधी ठरवले नव्हते. यंत्राने ती धरून ठेवली, म्हणून ती उरली. हिंदुस्थानी संगीतातील पुष्कळशी मरणोत्तर संपत्ती या तिसऱ्या जातीची आहे, आणि दत्तात्रेय विष्णु पलुसकर हे तिचे मराठी माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण होय.

२

पलुसकरांकडे वळण्यापूर्वी दुसऱ्या जातीचे एक उदाहरण पाहणे उपयोगी पडेल. मी जबलपुरात राहून हे लिहीत आहे, आणि या गावात मराठी माणसाने मरणोत्तर कीर्तीचा विचार करावा आणि गजानन माधव मुक्तिबोधांचे स्मरण होऊ नये, हे शक्य नाही. घराने मराठी, लेखनाने हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील मान्यवर कवी. चाळिसाच्या दशकात काही काळ ते या शहरात होते. पुढे हरिशंकर परसाईंनी येथून काढलेल्या ‘वसुधा’ मासिकात त्यांची साहित्यिक डायरी क्रमशः प्रसिद्ध झाली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांच्या नावावर एकही स्वतंत्र काव्यसंग्रह नव्हता. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह त्यांच्या मागे, त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ‘अंधेरे में’ ही त्यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली दीर्घ कविताही छापील रूपात वाचकांपुढे आली ती कवी गेल्यानंतरच.

मुक्तिबोधांची कविता मरणोत्तर असली तरी ती कवीची आहे की नाही, असा संशय कोणी घेत नाही. शब्द त्यांचे, क्रम त्यांचा, खाडाखोडही त्यांचीच. मित्रांनी निवड केली, मांडणी केली, परंतु कवितेच्या आत कोणी हात घातला नाही. येथे संपादक हा दारात उभा राहणारा माणूस आहे. तो दार उघडतो, घरात सामान हलवत नाही. शिवाय कवितेचे कागदावर असणे हीच तिची सिद्ध अवस्था आहे. ती छापली गेल्याने तिचे स्वरूप पालटत नाही, फक्त तिला वाचक मिळतात.

गाण्याचे तसे नाही. मैफलीतील ख्याल हा त्या संध्याकाळी, त्या साथीदारांसह, त्या श्रोत्यांच्या प्रतिसादात जन्मतो व तेथेच संपतो. त्याची सिद्ध अवस्था म्हणजे त्याचे घडून जाणे. त्याला ध्वनिफितीत धरून पुन्हा पुन्हा वाजवणे म्हणजे त्याची जात बदलणे होय. हा भेद लक्षात घेतल्यावाचून पलुसकरांच्या मरणोत्तर ध्वनिमुद्रणांचा विचार नीट होणार नाही.

३

पलुसकरांचे चरित्र थोडक्यात सांगण्यासारखे आहे. किंबहुना ते थोडक्यातच संपते. २८ मे १९२१ रोजी नाशिकला त्यांचा जन्म झाला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या बारा अपत्यांपैकी जगलेले ते एकच. वडिलांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताला राजदरबाराच्या व कोठ्याच्या बाहेर आणले होते. गाणे हा प्रतिष्ठित घरातील मुलामुलींनी उजळ माथ्याने शिकावा असा विषय आहे, हे त्यांनी एका पिढीच्या गळी उतरवले. त्यासाठी त्यांनी किंमतही दिली. चिजांतील शृंगार सौम्य केला, भजनाला मैफलीत मानाचे स्थान दिले आणि कलेला भक्तीची ग्वाही मिळवून दिली. १९३१ साली ते निवर्तले, तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता.

पुढील शिक्षण मुलाला वडिलांच्याच शिष्यांकडून मिळाले. विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या दोघांनी ग्वाल्हेरची तालीम त्याच्या गळ्यात उतरवली. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३५ साली, जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो गायला. १९४४ साली पहिली तबकडी निघाली. १९५२ साली ‘बैजू बावरा’ चित्रपटातील जुगलबंदीत अमीर खाँसाहेबांच्या समोर त्यांचा आवाज देशभर ऐकला गेला. १९५५ साली भारताच्या सांस्कृतिक मंडळाबरोबर ते चीनला जाऊन आले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबर रोजी मेंदूच्या दाहाने त्यांचा अंत झाला. वय चौतीस.

या चरित्रातील एक गोष्ट समीक्षकाने नजरेआड करू नये. वडिलांचे नाव मुलाच्या आवाजाच्या आधी श्रोत्यांपर्यंत पोहोचलेले होते. संमेलनात चौदा वर्षांचा मुलगा बसला, तेव्हा समोरच्या मंडळींनी त्याच्यात दिवंगत पंडितजींना शोधले असणार. त्याने भजन म्हटले की ते वडिलांचे भजन ठरे. एका अर्थी दत्तात्रेय विष्णु हे स्वतःच दुसऱ्याचे मरणोत्तर संगीत होते. हे ओझे त्यांनी कसे वाहिले, आणि त्याखाली त्यांचा स्वतःचा स्वर कोठे उमटला, हा त्यांच्या कलेविषयीचा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आपल्यापाशी दोन प्रकारची साधने आहेत : हयातीतल्या तबकड्या आणि मागाहून बाहेर आलेली दीर्घ ध्वनिमुद्रणे.

४

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची असे. या मर्यादेविषयी आपल्या संगीतसमीक्षेत तक्रारीचाच सूर अधिक ऐकू येतो. सागर घागरीत भरला, असे कौतुकाने म्हणतात तेही त्या तक्रारीचेच दुसरे रूप. मला ही दृष्टी मान्य नाही. दीर्घकाव्य कापून भावगीत होत नाही. भावगीताची स्वतःची घडण असते. तबकडीवरचा ख्याल हाही मैफलीच्या ख्यालाचा तुकडा नसून एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि पलुसकर हे त्या प्रकाराचे फार मोठे कारागीर होते.

त्यांची गौडसारंगाची तबकडी घ्यावी, तिलककामोदाची घ्यावी, किंवा श्रीरागाची. बंदिशीचा मुखडा येतो तोच रागाचे संपूर्ण व्यक्तित्व घेऊन. आवाज स्वच्छ, आकार खुला, स्वर ठेवण्यात कोठेही ओढाताण नाही. दोन-चार आलापी वाक्ये, अंतरा, मग ताना. त्याही अशा की समेवर येताना धाप लागल्याचे चिन्ह नाही. गौडसारंगासारखा वक्र चालीचा राग इतक्या थोड्या अवकाशात मांडायचा म्हणजे वळणे दाखवायची आणि तरी घाई दिसू द्यायची नाही. पलुसकर ते करतात, कारण काय गाळायचे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. त्यागावर उभी असलेली ही कला आहे.

बा. सी. मर्ढेकरांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ पलुसकर गेले त्याच वर्षी, १९५५ साली, प्रसिद्ध झाला. कलाकृतीची घडण संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांवर उभी असते, असे मर्ढेकरांचे प्रतिपादन आहे. या परिभाषेत बोलायचे तर पलुसकरांच्या तबकड्यांत समतोलाचे राज्य आहे. विरोध तेथे फार थोडा. स्वराला स्वर, वाक्याला वाक्य सहज उत्तर देत जाते. ऐकणाऱ्याला तृप्ती लाभते, अस्वस्थता क्वचितच. भजनांत तर ही तृप्ती कळसाला पोहोचते. रामाच्या बालरूपाचे तुलसीदासांचे पद त्यांनी असे गायले आहे की मराठी, हिंदी, गुजराती अशा भिन्नभाषी घरांत पहाटेचे गाणे म्हणून ते दोन-तीन पिढ्या वाजत राहिले. जबलपूरसारख्या ठिकाणच्या मराठी घरांना पलुसकर असेच भेटले : मैफलीतून क्वचित, तबकडीतून आणि आकाशवाणीतून नित्य. परिणाम असा झाला की ‘गोड गळ्याचे, सात्त्विक वृत्तीचे भजनगायक’ ही त्यांची मूर्ती ठरून गेली. अकाली मृत्यूने तिच्याभोवती आणखी एक वलय उभे केले, आणि मूर्तीकडे कोणी चिकित्सक नजरेने पाहीनासे झाले.

५

पलुसकर गेले तेव्हा आपल्याकडे दीर्घ ध्वनिमुद्रिका रुळलेली नव्हती. ती रुळली आणि पुढे कॅसेटा आल्या, त्यानंतर आकाशवाणीच्या संग्रहातील व खासगी मैफलींतील त्यांचे गाणे क्रमाक्रमाने बाहेर आले. वीस-वीस, तीस-तीस मिनिटांचे ख्याल प्रथमच अशा श्रोत्यांच्या कानी पडले, ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष कधी ऐकले नव्हते. हेच त्यांचे मरणोत्तर संगीत.

या ध्वनिमुद्रणांनी काय केले? पहिली गोष्ट, त्यांनी मूर्ती भंग केली, आणि ते फार चांगले झाले. तबकडीवरचा गायक सारे ठरवून आलेला असतो. येथे आपल्याला शोधणारा गायक भेटतो. ग्वाल्हेरच्या रीतीप्रमाणे स्थायी-अंतरा पूर्ण मांडून झाल्यावर मध्यलयीकडे झुकलेल्या विलंबितात विस्तार सुरू होतो. एखादे वाक्य जुळत नाही, ते पुन्हा घेतले जाते. दुसऱ्यांदा थोडे वेगळे पडते आणि त्या वेगळेपणातून पुढची वाट निघते. तबकडीत जो समतोल आयता दिसतो, तो येथे कमावला जाताना ऐकू येतो. मर्ढेकरांच्या भाषेत, ज्या विरोधलयीची उणीव तबकड्यांत भासते ती येथे डोके वर काढते. भजनगायक म्हणून ज्यांना आपण ओळखत होतो, ते मुळात ख्यालाचे गायक होते आणि भजन हे त्यांच्या ख्यालगायकीचे फळ होते, ही गोष्ट या ध्वनिफितींवाचून माझ्यासारख्या पुढच्या पिढीतील श्रोत्याला कळली नसती.

दुसरी गोष्ट सांगणे थोडे कठीण आहे, पण ती सांगितली पाहिजे. या दीर्घ ध्वनिमुद्रणांनी उणिवाही उघड्या केल्या. काही तानांचे आकृतिबंध एका रागातून दुसऱ्या रागात जवळजवळ तसेच उतरतात. विलंबितातील विस्तार कधी कधी खोल जाण्याआधीच द्रुताकडे वळतो. बोलअंगाने लयीशी खेळण्याची हौस त्यांना बेताचीच होती. ज्या सात्त्विकतेचे आपण कौतुक करतो, तीच एखाद्या गंभीर रागात मर्यादा होऊन बसते. रागाच्या अंधाऱ्या बाजूला हा आवाज अडखळत जातो. वडिलांच्या पिढीने संगीताला दिलेली शुचितेची दीक्षा येथे मुलाच्या गळ्यात कलात्मक अडसर झाली असेल काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे कोणी म्हणेल की, ज्याने हे गाणे प्रसिद्ध करण्यास संमती दिली नव्हती, त्याच्या उणिवा त्यातून वेचून काढणे हा अन्याय आहे. आक्षेप बिनतोड वाटतो, परंतु तो अर्धाच खरा आहे. तबकडीच्या मापाने ध्वनिफीत मोजणे हा अन्याय खराच. तबकडीत पुनरावृत्ती हा दोष होय; मैफलीत ती श्वास घेण्याची जागा असू शकते. एकाच गायकाने आठवड्याच्या अंतराने दोन गावी घेतलेली तीच तान त्या त्या गावच्या श्रोत्याला नवीच होती. दोन्ही ध्वनिफिती लागोपाठ लावून ‘पुनरुक्ती’ असा शेरा मारणारे आपण एका अशा आसनावर बसलेलो असतो, जे गायकाच्या कल्पनेतही नव्हते. म्हणून या ध्वनिमुद्रणांकडे कृती म्हणून न पाहता साक्ष म्हणून पाहावे, असे मी सुचवितो. साक्षीतून माणूस कळतो, त्याच्या कामाची रीत कळते, त्याची झेप व त्याचे कुंपण दोन्ही कळतात. साक्षीला कलाकृतीचे गुण देऊ नयेत आणि कलाकृतीची शिक्षाही देऊ नये. मात्र जी साक्ष मिळते ती पूर्ण ऐकली पाहिजे; गोड तेवढी ऐकून उरलेली पुसून टाकणे हा दिवंगताचा सन्मान नव्हे.

६

अल्पायुषी कलावंताविषयी लिहिताना एक वाक्य लेखणीच्या टोकावर आपोआप येते : ते आणखी जगते तर! बालकवी अठ्ठाविसाव्या वर्षी गेले, तेव्हापासून मराठी समीक्षा हे वाक्य लिहीत आली आहे. पलुसकरांविषयीही ते शेकडो वेळा लिहिले गेले. या वाक्यात प्रेम आहे, पण ज्ञान नाही. कारण त्याला कोणतेही उत्तर चालते, आणि ज्याला कोणतेही उत्तर चालते तो प्रश्न समीक्षेचा नसतो.

‘बैजू बावरा’तील जुगलबंदीचेच पाहा. कथेप्रमाणे बैजू तानसेनाला जिंकतो. बैजूचा आवाज पलुसकरांचा, तानसेनाचा अमीर खाँसाहेबांचा. पटकथेने दिलेला हा निर्णय आपण नकळत संगीताचा निर्णय मानून बसलो. वस्तुतः अमीर खाँसाहेब पलुसकरांहून नऊ वर्षांनी वडील होते आणि १९५५ नंतर त्यांना आणखी अठराएक वर्षे मिळाली. त्या वर्षांत त्यांच्या अतिविलंबित गायकीने जे गांभीर्य गाठले, ते सर्वांसमोर आहे. पलुसकरांना ती वर्षे मिळाली असती तर ते कोठे पोहोचले असते, हे सांगता येणार नाही. कदाचित त्यांनी वडिलांचे ओझे उतरवून ठेवले असते. कदाचित लोकप्रियतेने त्यांना भजनातच बांधून ठेवले असते. चौतीस वर्षांचा जो गायक आपल्यापुढे आहे, त्याचेच मूल्य आपण करावे. ते काही थोडे नाही. ग्वाल्हेरच्या पंथात इतका निर्मळ, इतका निःशंक स्वर पुन्हा सहज सापडत नाही. आणि कमी शब्दांत पूर्ण बोलण्याची जी शिस्त त्यांच्या तबकड्यांत आहे, ती कवींनीही अभ्यासावी अशी आहे.

अमेरिकेतील त्या तरुण रॅपगायकांच्या बाबतीतही हीच सावधगिरी उपयोगी पडेल. मॅक मिलरच्या मरणोत्तर संग्रहातील मंद, आत्मसंवादी स्वर ऐकताना त्यात मृत्यूची चाहूल शोधण्याचा मोह श्रोत्याला होतो. पण तो स्वर त्याच्या हयातीतील शेवटच्या संग्रहातच सुरू झाला होता, आणि तेथे तो एका जगू पाहणाऱ्या माणसाचा होता. मृत्यूची तारीख ठाऊक असल्यामुळे आपण मागे जाऊन प्रत्येक ओळीत ती वाचू लागतो. कलावंताने न लिहिलेला हा अर्थ त्याच्या माथी मारणे, हीदेखील त्याच्या कृतीत केलेली भरच होय.

७

भर घालण्याचा हा प्रश्न आज केवळ अर्थापुरता उरलेला नाही. २०२३ साली बीटल्सचे एक गाणे प्रसिद्ध झाले, त्यात जॉन लेननचा जुन्या फितीवरील आवाज यंत्राच्या साहाय्याने पियानोपासून वेगळा काढला होता; तेथे निदान आवाज त्याचाच होता. २०२४ साली तमिळ चित्रपट ‘लाल सलाम’मधील एका गाण्यात बंबा बाक्या व शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज, त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने, यंत्राकडून घडवून वापरले गेले. म्हणजे गायकाने जे कधी गायले नाही ते त्याच्या आवाजात ऐकवणे आता शक्य झाले आहे. वर सांगितलेल्या तीन जातींत ही बसत नाही. अपुरे पुरे करणे नाही, अप्रकाशित प्रकाशित करणे नाही, घडून गेलेले जतन करणेही नाही. जे घडलेच नाही ते घडल्यासारखे दाखवणे, अशी ही चौथी जात आहे. उद्या कोणी पलुसकरांच्या आवाजात त्यांनी कधी न गायलेला राग तासभर ऐकवील. सूर निर्दोष असेल, ताना नव्या असतील, आणि वर ज्या उणिवा मी दाखविल्या त्यांपैकी एकही तिच्यात नसेल. त्या दिवशी समीक्षकाने काय म्हणावे?

उत्तरासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. मराठी वाङ्मयाने हा प्रश्न चारशेहून अधिक वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. तिचा कर्ता एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाला, असे परंपरा सांगते. पुढील सुमारे तीनशे वर्षांत तिच्या पाठात अशुद्धे शिरली, लोकांनी आपल्या ओव्याही तिच्यात घातल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली. एकनाथ स्वतः थोर कवी होते. ज्ञानदेवांच्या ढंगाची ओवी रचणे त्यांना अशक्य नव्हते. कदाचित त्यांची ओवी मूळच्या शेजारी शोभलीही असती. परंतु त्यांनी ग्रंथाच्या शेवटी बजावून ठेवले की या ग्रंथात कोणीही आपली मराठी ओवी मिसळू नये. तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी वाढणे होय, असा त्यांचा दृष्टान्त आहे.

या इशाऱ्याचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. घातलेली ओवी वाईट असेल म्हणून एकनाथ ती नाकारीत नाहीत. ती त्या ताटातली नाही, म्हणून नाकारतात. गुणाचा प्रश्न त्यांनी मालकीच्या प्रश्नाहून वेगळा ठेवला. मरणोत्तर कृतीच्या संपादकाचा धर्म यात पुरता सांगितला गेला आहे : मळ काढावा, पाठ ताडून पाहावा, पण आपले काही त्यात घालू नये, आणि घालायचेच असेल तर ते आपल्या नावावर, वेगळ्या ताटात वाढावे. एकनाथांनी स्वतः नेमके तेच केले. त्यांचे भागवत त्यांच्या नावावर आहे.

या कसाला लावले तर जॉन ब्रायन यांनी मित्राचे काम पुरे केले आणि त्यावर आपले नाव उघडपणे सांगितले, हे बरेचसे ग्राह्य ठरेल. पॉप स्मोकच्या उरलेल्या आवाजाभोवती रचलेला डोलारा पुष्कळसा अग्राह्य ठरेल. मुक्तिबोधांच्या मित्रांनी आपले काम चोख बजावले, असे म्हणता येईल. पलुसकरांच्या ध्वनिफिती ज्यांनी जपल्या आणि त्यातील खरखर, तानपुऱ्याचे जुळवणे, श्रोत्यांची दाद यांसह त्या पुढे दिल्या, ते सारे धन्यवादास पात्र आहेत. पण पलुसकरांच्या आवाजात यंत्राने रचलेला राग मात्र, तो कितीही सुरेल असो, पलुसकरांचा नव्हे. त्याला गाणे म्हणायचे की नाही हा वाद पुढे चालू राहील. त्याला पलुसकर म्हणू नये, एवढे आजच ठरवता येते.

दीर्घ ध्वनिमुद्रणांतील ज्या उणिवांविषयी मी वर लिहिले, त्यांचे मोल येथे कळते. एका रागातून दुसऱ्यात उतरलेली ती तान, जुळले नाही म्हणून पुन्हा घेतलेले ते वाक्य, द्रुताकडे जाण्याची ती उतावीळ ही सारी एका चौतीस वर्षांच्या माणसाच्या असण्याची खूण आहे. त्याला वेळ कमी मिळाला आणि मिळालेल्या वेळात त्याने एवढे केले. निर्दोष करून दाखवलेला पलुसकर आपल्याला नको आहे. जो होता, तेवढाच आपला आहे.

— जबलपूर